तिसाव्या ट्रेवरची टोपी

मी एक जुनी टोपी आहे. नाही मित्रांनो, डोक्यावर घालायची नव्हे. उगाच लग्नाच्या फोटोत मला शोधू नका. मी पोलादाची आहे, उपड्या वाटीसारखी, वितीपेक्षा जराशी लहान. माझ्या काठाला चहूबाजूंनी बारीक खाचा पाडलेल्या आहेत आणि माथ्यावर मधोमध एक भोक आहे. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात भैरीची वाडी म्हणून बावीस घरांची वस्ती आहे. तिथे सहदेव मुकादमाच्या ओसरीवर मी खुंटीला टांगलेली असते. येणारा-जाणारा विचारतो, ही कसली घंटा? घंटा म्हटलं की मला राग येतो. घंटा नुसती वाजते. मी सव्वीस वर्षं घाम गाळून काम केलं आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पोलादाचा पत्रा साच्यात दाबला, काठाला खाचा पाडल्या, माथ्याला भोक पाडलं की झाली टोपी. माझ्याबरोबर हजारो बहिणी जन्मल्या. आम्हाला खोक्यात भरून मुंबईला, खाडीकाठच्या एका तेलशुद्धीकरण कारखान्यात नेलं. तिथे एक लोखंडी मनोरा उभा होता. त्याच्या पोटात एकावर एक पंचेचाळीस मजले होते. या मजल्यांना तिथे ट्रे म्हणतात. खालून तिसाव्या ट्रेवर माझी नेमणूक झाली. त्या एका ट्रेवर आम्ही एकशे अठरा टोप्या होतो.

आता तुम्ही विचाराल, मनोऱ्यात टोप्यांचं काय काम? तर नीट ऐका, कारण हे सांगताना मी घाई करत नाही.

जमिनीच्या पोटातून येतं ते कच्चं तेल. काळपट, दाट, वासाचं. त्यात गॅस असतो, पेट्रोलचा माल असतो, रॉकेल असतं, डिझेल असतं, डांबरसुद्धा असतं, पण सगळं एकमेकांत मिसळलेलं. लोकांना वाटतं, कारखान्यात हे तेल जाळतात. अहो, जाळायचं असतं तर एवढा मनोरा कशाला बांधला असता? इथे तेल वेगळं करतात, निवडतात. सहदेवची बायको ठकूबाई तांदूळ निवडते तसं, फक्त हातानं नाही, उष्णतेनं. आधी तेलातलं मीठ धुऊन काढतात. मग भट्टीतल्या नळ्यांतून नेऊन त्याला साडेतीनशे अंशांच्या पुढे तापवतात आणि मनोऱ्याच्या बुडाशी सोडतात. आत शिरताच त्यातला बराच भाग एकदम वाफ होऊन वर उसळतो. वाफ होत नाही ते जड तेल बुडाशी उरतं. ते दुसऱ्या मनोऱ्यात जातं आणि त्यातूनच शेवटी तुमच्या घाटरस्त्यावरचं डांबर निघतं.

वाफ वर चढते तशी ती थंड होत जाते, कारण मनोरा बुडाशी जास्त गरम आणि माथ्याशी कमी गरम असतो. जो पदार्थ जास्त उष्णतेवर उकळतो, तो खालच्याच ट्रेवर पुन्हा पातळ होतो. डिझेल असं खाली थांबतं. रॉकेल त्याच्या वर, माझ्या ट्रेवर थांबतं. तिथे साधारण एकशे नव्वद अंश असतात. पेट्रोलचा माल आणि गॅस पार माथ्यापर्यंत जाऊन बाहेर पडतात. बाहेर त्यांना थंड केल्यावर जे पातळ होतं, त्यातलं थोडं पुन्हा माथ्यावरून आत सोडतात. ते एकेक ट्रे उतरत खाली येतं. म्हणजे वाफ वर चाललेली आणि तेल खाली चाललेलं. दोघांची गाठ घालून देणं हे आम्हा टोप्यांचं काम.

प्रत्येक टोपीच्या खाली ट्रेला एक भोक असतं आणि त्यावर आखूड नळी. वाफ नळीतून वर येते, माझ्या माथ्याला थडकते, माघारी वळते आणि माझ्या काठाच्या खाचांतून बुडबुडे होऊन ट्रेवरच्या तेलात शिरते. त्या बुडबुड्यात देवघेव होते. वाफेतला जड भाग तेलात राहतो, तेलातला हलका भाग वाफ होऊन वर जातो. मी नसेन तर वाफ नळीतून सरळ वर पळून जाईल आणि तेलाला तिचा स्पर्शही होणार नाही. म्हणून मला मधल्या आटे पाडलेल्या खिळीवर बसवून वरून नट आवळतात. लक्षात ठेवा मित्रांनो, सगळा मान त्या नटाला आहे. नट सुटला की टोपी संपली.

आमचं कौतुक कुणी केलं नाही. मनोऱ्याचे फोटो निघत, भट्टीचे निघत, टोपीचा फोटो कोण काढणार? तरीही मला अभिमान होता. आकाशातून विमान गेलं की मी मनात म्हणे, जा बाबा, तुझ्या पोटातलं तेल रॉकेलच्याच जातीचं, माझ्या ट्रेवरून आलंय.

चार-पाच वर्षांनी एकदा मनोरा थंड करून आतून साफ करत. त्याला शटडाऊन म्हणतात. तेव्हा कोकणातल्या डोंगरातली माणसं गोल भोकातून आत येत, टोप्या काढत, घासत, पुन्हा बसवत. ती भैरीच्या वाडीची टोळी. वाडीत पिढीजात शेती आणि गुरं. पण दोन पिढ्यांपासून चौदा-पंधरा जण वर्षाचे काही महिने शटडाऊनच्या कामाला बाहेर पडत. आज इथल्या, उद्या दुसरीकडच्या कारखान्यात. वाडीतली घरं त्यावर उभी होती. सहदेव त्यांचा मुकादम. आडव्या बांध्याचा, कमी बोलणारा आणि ट्रेवर रांगताना सुद्धा ऐटीत रांगणारा माणूस. पहिल्यांदा त्यानं ट्रे बघितला तेव्हाच तो म्हणाला होता की ही तर आपली भाताची खाचरं, वरच्या खाचरातलं पाणी बांधावरून खालच्या खाचरात. खरोखर तसंच आहे. ट्रेच्या कडेला बुटका बांध असतो आणि तेल त्यावरून सांडून खाली उतरतं. इंजिनियरांना जे समजवायला चित्र काढावं लागतं ते सहदेवला नुसतं बघून कळलं. मी तेव्हापासून त्याची झाले.

या टोळीची एक रीत होती. भैरीच्या वाडीत घरावर कौलं चढवली की शेवटचं कौल घरातल्या वडीलधाऱ्यानं ठेवायचं. तीच रीत त्यांनी मनोऱ्यात आणली. प्रत्येक ट्रेवरच्या सगळ्या टोप्या गडी आवळत, आणि शेवटच्या टोपीचा नट नुसता हातानं फिरवून सोडत. त्याला दुसऱ्या कुणी पाना लावायचा नाही. तो मुकादमाचा नट. सहदेव स्वतः आत येऊन सगळा ट्रे बघणार, आणि सगळं ठीक असेल तर तो एक नट आपल्या हातानं आवळणार. रीत चांगली होती. पंधरा वर्षं तिनं एकही चूक होऊ दिली नाही, आणि म्हणूनच तिच्यात भोक आहे हे कुणाला दिसलं नाही.

पाच वर्षांपूर्वीच्या शटडाऊनमध्ये तिसाव्या ट्रेवर मुकादमाचा नट माझ्या वाट्याला आला. एकशे सतरा टोप्या घट्ट झाल्या. एकशे अठरावी मी. सहदेव खालचा ट्रे उरकून वर येतच होता, तेवढ्यात निरोप आला की गेटवरच्या ऑफिसात त्याच्यासाठी फोन आहे. त्याची आई, विठाबाई, बांधावरून घसरून पडली होती आणि तिला महाडला दवाखान्यात नेलं होतं. आईचं नाव ऐकल्यावर माणूस आधी शिडी उतरतो. सहदेव उतरला. बोलून, धीर देऊन, परत वर यायला त्याला दीड तास लागला. तोवर तिसाव्या ट्रेकडे जाणाऱ्या गोल भोकाचं झाकण बसलं होतं आणि त्याचे चोवीस बोल्टही आवळले होते.

त्या ट्रेवर भिकू प्रमुख गडी होता. चाळिशीचा, सरळ माणूस, नाते गावी सासुरवाडी असलेला आणि तिथल्या जत्रेखेरीज कशाचीही फुशारकी न मारणारा. सहदेवनं त्याला विचारलं की समदं आवळलं का. भिकू म्हणाला, आमचं समदं झालं. तो खोटं बोलला नाही. त्यांचं सगळं झालंच होतं. झाकण लावणारे गडी वेगळे होते, आणि झाकण बंद झालं त्याअर्थी मुकादम येऊन गेला असणार, असं त्याला वाटलं. मुकादमाचा नट त्यानं स्वप्नातसुद्धा शिवला नसता. आणि सहदेवला वाटलं, मी नाही म्हणून भिकूनं माझाही नट आवळला असेल.

पण सहदेवच्या मनात पाल चुकचुकली. मी त्याला ओळखते, ती चुकचुकलीच. झाकणावर हात ठेवून तो उभा राहिला. उघडायचं म्हणजे चोवीस बोल्ट, झाकणाखाली नवीन गास्केटची चकती, पुन्हा परवानगीचा कागद, आणि वरच्या ट्रेवर खोळंबलेली माणसं. शिवाय डोकं सगळं महाडच्या दवाखान्यात. त्याला आणखी एक प्रश्न विचारायचा होता, माझा नट कुणी आवळला एवढाच. तो त्यानं विचारला नाही. मी आतून जिवाच्या आकांतानं सांगत होते की मी सैल आहे, मी सैल आहे. पण पोलादाला आवाज असतो तो कुणी ठोकलं तरच.

मनोरा पुन्हा तापला. अकराव्या दिवशी कुठल्याशा नळात राहिलेलं पाणी गरम तेलात आलं. तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब पडला तर काय होतं ते तुम्ही पाहिलं आहे. इथे घागरभर पाणी होतं. त्याची एका क्षणात वाफ झाली आणि सगळा मनोरा हादरला. माझ्या बहिणींनी खिळ्या घट्ट धरून ठेवल्या. माझा नट आधीच फिरत फिरत वर आला होता. मी उडाले, आपटले, बांधावरून गडगडले आणि ट्रेच्या कडेच्या हौदात पडले. त्या हौदातून रॉकेल बाहेर नेणारा नळ निघतो. मी नेमकी त्याच्या तोंडावर आडवी बसले.

मग जे झालं ते सांगायला मला अजून लाज वाटते. नळाला पुरेसं रॉकेल मिळेना, बाहेरचा पंप खडखडू लागला. अडलेलं रॉकेल बांधावरून खाली सांडलं आणि डिझेलमध्ये मिसळलं. प्रयोगशाळेतून चिठ्ठीवर चिठ्ठी आली की डिझेल बिघडलंय, लवकर पेट घेतंय. अशा डिझेलनं टाकीला आग लागू शकते. शेवटी भट्टी विझवून सगळा मनोरा थंड केला. नऊ दिवस कारखान्याचा तो भाग बंद राहिला. कुणाच्या जिवाला धक्का लागला नाही, हे नशीब. झाकण उघडून आत शिरलेल्या माणसानं मला नळाच्या तोंडावरून उचललं.

मला कंत्राटदाराच्या ऑफिसात टेबलावर ठेवलं होतं. समोर सोनालीमॅडम बसल्या होत्या. त्या तपासणीच्या इंजिनियर, मूळच्या महाडच्या. आवाज कधी न चढवणाऱ्या, पण त्यांच्यासमोर खोटं बोलायला माणसाला जड जाई. बाजूला कंत्राटदार सयाजी. तो दासगावचा, तोंडानं गोड, हिशेबानं तयार. त्यानं झटपट वाट काढली. ट्रेच्या कागदावर भिकूची सही आहे, भिकूला काढून टाकू, टोळी राहू द्या. भिकू आपल्या पायांकडे बघत उभा होता. त्याला स्वतःलाच कळत नव्हतं की आपण चुकलो की नाही. सहदेव एक पाऊल पुढे आला.

"मॅडम, तो नट माझा हाय. भिकूनं तो शिवायचाच नव्हता. मला शंका आली व्हती, आन् मी झाकण उघडायला सांगितलं नाय."

सयाजीनं डोक्याला हात लावला. सोनालीमॅडमनी सहदेवचे शब्द तसेच लिहून घेतले. मग वरून निकाल आला की पुढच्या शटडाऊनपर्यंत भैरीच्या वाडीची टोळी गेटच्या आत नको. अशी बातमी वाऱ्यासारखी पसरते. दुसऱ्या कारखान्यांचे कंत्राटदारही त्यांचे फोन उचलेनासे झाले. जाताना सहदेवनं एकच गोष्ट मागितली, ती म्हणजे मी. माझा काठ चेपला होता, मला पुन्हा मनोऱ्यात घेणारच नव्हते. मॅडमनी विचारलं, ही कशाला हवी? तो म्हणाला, रोज बघायला. त्यांनी गेटपास करून दिला.

अशी मी सव्वीस वर्षांच्या नोकरीनंतर लाल एसटीत बसून पोलादपूरला उतरले आणि सहदेवच्या पिशवीतून डोंगर चढले. ठकूबाईनं मला राखेनं सात वेळा घासलं. तरी रॉकेलचा वास जाईना म्हणून तिनं मला घरात घेतलं नाही. ओसरीवरच्या दिव्याला वारा लागू नये म्हणून ती मला त्यावर पालथी घाली. माझ्या खाचांतून उजेड पडे. विमानाचं तेल गाळणारी मी, आता एका पणतीची राखण करत होते. कामाला लहान-मोठं मानू नये म्हणतात, पण वाईट वाटलं हे खरं आहे.

वाडीला त्याहून वाईट दिवस आले होते. टोळीतले चौघे मुंबईला गेले, वॉचमन झाले, पार्सल पोचवू लागले. उरलेल्यांत कुजबुज सुरू झाली. पुढच्या शटडाऊनला बोलावणं आलं नाही तर उरलेली घरंही कुलपात जाणार आणि वाडीत म्हातारी माणसं आणि बकऱ्या तेवढ्या उरणार, हे सगळ्यांना दिसत होतं. विठाबाईचा पाय बरा झाला. सहदेवचा चेहरा काही बरा झाला नाही. भात कापून झाल्यावर एके दिवशी त्यानं सगळ्यांना देवळाच्या ओट्यावर जमवलं, मला मधोमध ठेवलं आणि सांगितलं की चार वर्षांनी आपण त्याच मनोऱ्यात शिरायचं, आणि तोवर इथे शिकायचं. काही जण हसले. मनोरा तिकडे आणि शिकायचं डोंगरावर! सहदेवनं हसणाऱ्यांकडे लक्ष दिलं नाही.

त्यानं महाडच्या भंगारवाल्याकडून जाड पत्रा आणला, पोलादपूरच्या वेल्डरकडून त्यावर साठ खिळ्या बसवून घेतल्या, पाइपाचे तुकडे कापून साठ खोट्या टोप्या केल्या. बकऱ्यांच्या गोठ्याला अर्ध्या उंचीवर फळ्या ठोकून त्यानं आत अंधार केला, आणि त्यात हा ट्रे मांडला. गुडघ्यांवर रांगत, डोक्याला बॅटरी बांधून, गडी टोप्या आवळत. बकऱ्या बाहेरून ओरडत. आसपासच्या वाड्यांतून चेष्टा झाली. लग्नात पंगतीला बसले की लोक विचारत, काय, टोपीवाले, पानातला लाडू आवळून देऊ का? सहदेव म्हणे, दे, पण पाना तुझा आण.

त्याची मुलगी वैशाली महाडच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होती. तिनं गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं मनोरा काढला आणि कुठल्या ट्रेवर काय थांबतं ते लिहिलं. गडी आजवर नट आवळत होते. आपण ज्या टोपीवर नट आवळतो तिच्याखालून काय जातं, आणि ती हलली तर कुणाच्या टाकीत आग लागू शकते, हे त्यांना पहिल्यांदा कळलं. भिकूनं भिंतीवरचा तिसावा ट्रे शोधून त्यावर बोट ठेवलं.

पण खरी अडचण होती ती मुकादमाच्या नटाची. तो ठेवायचा की मोडायचा? म्हातारा नाथू म्हणाला की बापजाद्यांची रीत आहे, मोडली तर वडीलधाऱ्याला मान काय राहिला. सहदेव अडला. वाट दाखवली ती ठकूबाईनं. ती शिवथरच्या खोऱ्यातली, लावणीला तिच्या हाताशी कुणाचा हात पुरत नाही. पुढच्या आवणाला, म्हणजे भातलावणीला, बायका रांगेनं रोपं लावत असताना ती कंबर न उचलता नवऱ्याला म्हणाली,

"आमच्यात मालकासाठी ओळ ठेवत्यात काय? जिनं लावली तिनं नाय बघायची, शेजारणीनं बघायची. मालक बांधावर उभा ऱ्हाऊन काय बघनार हाय?"

झालं. मुकादमाचा नट गेला. ज्यानं टोपी आवळली त्यानं तिच्या बाजूला खडूची एक रेघ ओढायची. दुसऱ्या टोकाकडून येणाऱ्यानं पाना लावून बघायचं आणि त्या रेघेवर दुसरी रेघ मारून फुली करायची. आणि वर सहदेवनं स्वतःचा एक नियम घातला: झाकण बसल्यावरही कुणाला शंका आली, तर झाकण उघडायचं. शंका कुणाची, ती खरी की खोटी, असं विचारायचं नाही. कुरकुर करायची नाही. नाथूनं तोंड वाकडं केलं, पण पहिली फुली त्यानंच मारली.

चौथं वर्ष उजाडलं. शटडाऊनची तारीख लागली. सहदेवनं सोनालीमॅडमना पत्र लिहिलं, वैशालीकडून नव्हे, आपल्या हातानं. आम्हाला काम देऊ नका, आमची परीक्षा घ्या, एवढंच. मॅडमनी वरच्यांना पटवलं. महाडच्या औद्योगिक वसाहतीत सयाजीचं शेड आहे. तिथे एका जुन्या मनोऱ्याचा तीन ट्रेचा तुकडा उभा होता. ठरलं असं की तीन टोळ्यांनी एकेक ट्रे, टोप्या आवळण्यापासून झाकण लावण्यापर्यंत, बंद करायचा, सव्वातीन तासांत. जी टोळी पास होईल तिला काम. नापास होईल तिचं नाव यादीतून कायमचं जाईल.

परीक्षेच्या दिवशी मोजल्यावर वाडीच्या ट्रेला एक टोपी कमी भरली. सहदेवनं मला सोबत नेलं होतंच. त्यानं पिशवीतून मला काढलं, चेपलेला काठ ठोकून सरळ केला आणि मॅडमकडे बघितलं. मॅडमनी मला ओळखलं. त्यांनी मान हलवली. चार वर्षांनी मी पुन्हा खिळीवर बसले, आणि मित्रांनो, खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला. पोलादाला काटा येत नाही म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं.

चांगू नावाच्या गड्यानं मला आवळलं. घट्ट, मनापासून. रेघ ओढली. भिकू पलीकडून तपासत आला. माझ्याशी पोचला तेव्हाच बाहेरून सयाजीनं वेळ ओरडून सांगितली. भिकू दचकला, पण त्यानं पाना लावला, जोर दिला, फुली मारली आणि पुढे गेला. सगळे बाहेर पडले. सहदेवनं भोकातून बॅटरी फिरवून ट्रे बघितला, चोवीस बोल्ट बसले. वीस मिनिटं शिल्लक होती. दुसरी एक टोळी कधीच संपवून चहा पीत होती. वाडीची माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारू लागली.

भिकू तेवढा हलला नाही. तो झाकणासमोर उभा होता, हातातल्या खडूकडे बघत. मग तो सहदेवजवळ गेला आणि हळू आवाजात म्हणाला,

"मुकादम, आपल्या टोपीचा नट बघितला का नाय, मला आठवत नाय. मला शंका हाय."

चांगूला राग आला होता, पण कुरकुर न करण्याचा नियम आठवून त्यानं पाना हातात घेतला. सयाजी मात्र पुढे धावला. अरे बाबांनो, वीस मिनिटं उरलीत, उघडलं तर नापास व्हाल, चार वर्षं पाण्यात घालवाल, असं तो कळकळीनं सांगत राहिला. त्यात त्याचाही स्वार्थ होता, पण कळकळ खोटी नव्हती.

माझा नट घट्ट होता. मला माहीत होतं. फुलीसुद्धा माझ्या शेजारी होती. चार वर्षांपूर्वी मी सैल आहे म्हणून ओरडले होते, आता मी घट्ट आहे म्हणून ओरडत होते. नका उघडू रे, मी पक्की आहे. सहदेवनं झाकणावर हात ठेवला. त्याला आत बॅटरीच्या उजेडात सगळ्या फुल्या दिसल्या होत्या, असं त्याचं मन त्याला सांगत होतं. मी त्याचा हात झाकणापलीकडून ओळखत होते. तो हात तिथे पूर्वीइतका वेळ राहिला नाही.

"उघडा," सहदेव म्हणाला.

चोवीस बोल्ट उतरले. भिकू आत रांगत आला. त्यानं माझ्यावर बॅटरी धरली, फुली बघितली, तरी पाना लावला आणि अंगातलं सगळं बळ लावून बघितलं. मी हलले नाही. त्यानं माझ्या माथ्यावरून ओला हात फिरवला आणि तो बाहेर गेला. नवीन गास्केट, पुन्हा चोवीस बोल्ट. दिलेल्या वेळेवर बावीस मिनिटं जास्त लागली. भैरीची वाडी तिन्ही टोळ्यांत शेवटची आली.

सोनालीमॅडम जवळ आल्या. काय निघालं, त्यांनी विचारलं. भिकूनं खाली बघत सांगितलं की घट्ट होता. मग वेळ फुकटच गेला की, मॅडम म्हणाल्या. उत्तर सहदेवनं दिलं.

"नाय मॅडम. आता मला झोप लागंल."

मॅडमनी तिन्ही झाकणं उघडायला लावली आणि स्वतः पाना घेऊन आत शिरल्या. जी टोळी सगळ्यात आधी चहा प्यायला बसली होती, तिच्या ट्रेवर एक नट दोन बोटांनी फिरला. तिसऱ्या टोळीचं सगळं ठीक होतं. निकाल आठ दिवसांनी आला. चहा पिणारी टोळी बाद झाली होती आणि मनोरा उरलेल्या दोन टोळ्यांत वाटला होता. विसाव्या ट्रेपर्यंतचं काम तिसऱ्या टोळीला आणि एकविसाव्यापासून वरचं सगळं भैरीच्या वाडीला. कागदाखाली मॅडमनी एक ओळ लिहिली होती, की शंका आल्यावर झाकण उघडण्याचा वाडीचा नियम यापुढे दोन्ही टोळ्यांना लागू राहील आणि त्यासाठी लागणारा वेळ कामाच्या वेळेत धरला जाईल. वैशालीनं तो कागद ओट्यावर वाचून दाखवला. नाथूनं तिला तो पुन्हा वाचायला लावला. मुंबईला गेलेल्या चौघांपैकी तिघे परत आले.

ते शटडाऊन होऊन आता वर्ष होत आलं. मनोरा नीट चालू आहे. मी त्यात नाही. माझी जागा नव्या टोपीला मिळाली, आणि तिला आवळणारा भिकू होता, तपासणारा सहदेव. वाडीत राहून मला गंज चढू नये म्हणून ठकूबाई महिन्यातून एकदा मला तेलाचं बोट लावते. एवढी काळजी मला पुष्कळ झाली.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. ज्या कामाला तुमचा हात लागला, त्यातलं शेवटचं काम दुसरा करील म्हणून सोडू नका. आणि मनात शंका आली तर उशीर झाला, लोक हसतील, म्हणून तिला गिळू नका. झाकण उघडा आणि बघा. आत सगळं घट्ट निघालं तर वेळ वाया गेला असं मुळीच समजू नका. त्या दिवशी भिकूचा हात माझ्या नटावरून फिरला, तेव्हा मला कळलं की आता आपल्याला ओरडून सांगायची गरज राहिलेली नाही.